मृत्युवार्तेची मर्यादा : गंगापूर व आनंदवल्ली यांच्या निमित्तानें

(१)

नाशिक क्षेत्राच्या पश्चिमेस गोदावरीच्या कांठीं आनंदवल्ली व गंगापूर हीं दोन गांवें एकमेकांपासून थोड्याच अंतरावर आहेत. पेशवाईच्या इतिहासांत या दोन्ही गांवांचें नांव दोन स्त्रियांमुळें राहिलें आहे. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई वैधव्यानंतर पुढें गंगापुरास येऊन राहिल्या व इ. स. १७८८ त वारल्या. आनंदवल्लीस रघुनाथराव दादासाहेबांचा वाडा होता, व गांवाचें नांवहि त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांच्यावरून पडलें असें सांगतात. त्याच ठिकाणीं आनंदीबाईंनीं इ. स. १७९४ त देह ठेविला. पहिली ही खून झालेल्या पेशव्याची माता. दुसरीवर त्याच खुनाचा ठपका लोकमतानें ठेविला, आणि तो अद्यापि उतरलेला नाहीं.

नारायणरावांच्या खुनाची चौकशी नव्यानें करावी असा या लेखाचा हेतु नाहीं. थोरामोठ्यांच्या मृत्यूचा तपशील कोणीं, कोणास, किती व कशाच्या आधारावर सांगावा, एवढ्याच प्रश्नाचा येथें विचार कर्तव्य आहे. हा प्रश्न वृत्तपत्रांमुळें व दूरचित्रवाणीमुळें उत्पन्न झाला अशी सामान्य समजूत आहे. परंतु आपल्या दफ्तरांतील जुनीं पत्रें, अखबार व बखरी पाहिल्या असतां त्याचें मूळ पुष्कळ मागें जातें असें दिसतें. आणि त्याची पुरेशी चिकित्सा न झाल्यामुळें एका स्त्रीचें नांव मराठी भाषेच्या वाक्प्रचारांत कायमचें अडकून पडलें, हेंहि दिसतें.

(२)

पेशवाईंत वार्ता पोंचविण्याचें काम वकील, कारकून, अखबारनवीस व सावकार यांजकडे असे. त्यांच्या पत्रांत मृत्यूची वार्ता सांगण्याची एक ठरलेली रीत आढळते. ‘देवाज्ञा झाली’ किंवा ‘कैलासवासी झाले’ असे मोजके शब्द लिहून लेखक लगेच पुढील व्यवस्थेकडे वळतो. क्रिया कोणीं केली, फौजेचें काय झालें, वस्त्रें कोणास मिळणार, हा त्याचा खरा विषय. देहाची दशा लिहिण्याकडे त्याची प्रवृत्ति सहसा नसते. लिहिलीच तर ती वाचणारास तें जाणण्याचें कारण आहे म्हणून लिहितो.

याचीं दोन उदाहरणें घेतां येतील. पानिपतच्या संहारानंतर नानासाहेबांच्या हातीं सावकाराचें जें पत्र लागलें, त्यांत विश्वासराव व भाऊसाहेब यांच्या मृत्यूची वार्ता मोत्यांच्या व पडलेल्या सरदारांची मोहरांच्या संकेतानें दिली होती, आणि सामान्य माणसांची गणती चांदी-तांब्याच्या नाण्यांवर सोपविली होती, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. वार्ता वाटेंत भलत्याच्या हातीं पडूं नये हें त्या संकेताचें एक कारण असावें. परंतु ज्या पित्यास ती वाचावयाची होती त्यास आवश्यक तें सर्व कळलें आणि अनावश्यक असें कांहींच कळलें नाहीं, हा त्याचा परिणामहि लक्ष्यांत घेण्याजोगा आहे. दुसरें उदाहरण थोरल्या माधवरावांचें. ते राजयक्ष्म्यानें आजारी होते, व १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊर येथें वारले. त्यांच्या दुखण्याच्या चढउताराची बित्तंबातमी दरबारांत व बाहेरच्या वकिलांत हिंडत असे. कारण पेशव्यांच्या प्रकृतीवर राज्याचा कारभार अवलंबून होता. येथें तपशील दिला जाई तो प्रयोजनासाठीं. कुतूहल भागविण्यासाठीं लिहिलेलें पत्र आणि कारभार चालविण्यासाठीं लिहिलेलें पत्र यांतील भेद दफ्तरें चाळणारास शैलीवरूनच ओळखतां येतो.

नाशिकासारख्या क्षेत्रांत याहूनहि संयमी अशी एक नोंद शतकानुशतकें चालत आली आहे. ती म्हणजे तीर्थोपाध्यायांच्या वह्या. त्यांत यात्रेकरूचें नांव, बापाआजांचीं नांवें, मूळ गांव, आणि कोणाच्या क्रियेसाठीं वा श्राद्धासाठीं तो आला हें नोंदलेलें असतें. पुष्कळदां खालीं त्याची स्वदस्तुराची ओळ असते. मरण कसें आलें याची वाच्यता तेथें सहसा नसते. तरीहि वंशावळी जुळवितांना या वह्यांचें महत्त्व किती आहे, हें संशोधकांस सांगावयास नको. प्रमाणाचें बळ तपशिलाच्या भडकपणावर अवलंबून नसतें, याचें याहून चांगलें उदाहरण शोधावयास नको.

(३)

आतां मुख्य प्रसंगाकडे वळूं. शके १६९५, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, म्हणजे ३० ऑगस्ट १७७३ रोजीं पुण्यांत शनिवारवाड्यांत गारद्यांनीं नारायणराव पेशव्यांस ठार मारिलें. त्यांचें वय त्या वेळीं अठरा वर्षांचें होतें. सुमेरसिंग, महंमद इसफ व खरकसिंग हे गारद्यांचे म्होरके. तुळाजी पवार हा आंतला हस्तक. वाड्यांतील इतर माणसेंहि मारलीं गेलीं; त्यांत धन्यास वांचविण्यासाठीं अंगावर घाव घेणारा चापाजी टिळेकर होता. रघुनाथराव वाड्यांतच नजरकैदेंत होते, आणि खुनानंतर पेशवाईचीं वस्त्रें त्यांनाच मिळालीं. इतकी हकीकत निर्विवाद आहे. गंगापुरास ही वार्ता गेली तेव्हां गोपिकाबाईंचा तिसरा व शेवटचा पुत्र गेला होता. पहिला पानिपतावर पडला, दुसरा थेऊरास वारला, आणि हा स्वतःच्या वाड्यांत मारला गेला. या आघातानंतर त्यांनीं हातांत करवंटी घेऊन भिक्षा मागितली असें सांगतात.

या निर्विवाद हकीकतीभोंवतीं दोन तपशील असे जमले कीं आज सामान्य माणसास खुनासंबंधीं केवळ तेवढेच ठाऊक असतात. पहिला तपशील मरणाऱ्याच्या अखेरच्या शब्दांचा : ‘काका, मला वांचवा’. दुसरा तपशील कागदाचा : रघुनाथरावांनीं ‘धरावे’ असें लिहून दिलें होतें, त्याचें ‘मारावे’ झालें, आणि हा ‘ध’ चा ‘मा’ आनंदीबाईंनीं केला.

अखेरच्या शब्दांविषयीं येथें एवढेंच म्हणावयाचें कीं, पुतण्या काकांकडे धांवला व त्यांस बिलगला ही गोष्ट संभवनीय व परंपरेस धरून आहे. परंतु शनिवारवाडा पाहावयास येणारांस आज जी हांक वर्णून सांगतात, ती इतिहासाच्या खात्यावर जमा नसून करमणुकीच्या खात्यावर आहे. अमावास्येच्या रात्रीं ती ऐकूं येते असें सांगून लोकांस भिवविणें हा एका अठरा वर्षांच्या मुलाच्या प्राणांतिक वेदनेचा व्यापार होय. त्यानें ना खुनाचें कारण कळतें, ना पेशवाईचा पुढील उलगडा होतो.

कागदाची गोष्ट याहून गंभीर आहे, कारण तींत आरोप आहे. जेम्स ग्रँट डफ यानें इ. स. १८२६ त आपला मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला, त्यांत ही कथा आहे. रामशास्त्र्यांनीं चौकशी केली, रघुनाथरावांचा कागद त्यांच्या पाहण्यांत आला, त्यांत अक्षर बदललेलें होतें, आणि तो बदल आनंदीबाईंनीं केला असें सर्वांचें मत आहे, असा त्याच्या सांगण्याचा आशय. यांतील ‘सर्वांचें मत’ या आधाराकडे वाचकांनीं लक्ष्य द्यावें. कागद पाहिला तो रामशास्त्र्यांनीं. फेरफार कोणाच्या हातचा, हें मात्र सांगते ती लोकवार्ता. खून आणि ग्रंथ यांमध्यें त्रेपन्न वर्षें गेलेलीं आहेत. नुसता कागद व कागदावरील आरोप यांमधील हें अंतर पुढील लेखकांनीं बुजवून टाकिलें, आणि दोहोंस एकच प्रामाण्य आलें.

तो कागद आज परीक्षेसाठीं कोणापुढें नाहीं. मोडी लिपींत ‘ध’ व ‘मा’ यांचीं वळणें भिन्न आहेत. तेव्हां हा फेरफार एखाद्या फांट्यानें साधण्याजोगा होता कीं अक्षर खोडून पुन्हा लिहावें लागलें, शाई एक होती कीं दोन, हात एक होता कीं दोन, हे प्रश्न मूळ अस्सल समोर असल्यावांचून सुटत नाहींत. एखाद्या सामान्य इनामपत्रावर संशय आला तरी आपण शिक्का, शाई, कागद व वळण हीं चारी तपासतों. येथें तर एका व्यक्तीस खुनी ठरविण्याचा प्रश्न आहे, आणि तपासावयास पत्राचा तुकडाहि नाहीं.

शिवाय, ही कथा कोणाच्या सोयीची होती हेंहि पाहिलें पाहिजे. रामशास्त्र्यांनीं दोष ठेविला तो रघुनाथरावांवर. देहांत प्रायश्चित्त सांगितलें तेंहि त्यांसच, अशी प्रसिद्धि आहे. परंतु अक्षर बदलल्याची कथा मान्य केली कीं रघुनाथरावांचा अपराध धरण्याच्या आज्ञेपुरता उरतो आणि मारण्याचें पाप पत्नीच्या माथीं जातें. बारभाईंच्या विरुद्ध ज्यांनीं पुढें ६ मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहानें रघुनाथरावांचा पक्ष स्वीकारला, त्या इंग्रजांसहि आपला आश्रित खुनी नसून केवळ महत्त्वाकांक्षी होता हें रूप अधिक सोयीचें. एवढ्यावरून कथा बनावट ठरत नाहीं. मात्र जी वार्ता सांगणाराच्या पक्षास उपयोगी असते, तिला दुप्पट आधार मागावा, हा सामान्य न्याय येथें लागू केला गेला नाहीं, एवढें निश्चित.

पुढें ती कथा रंगभूमीवर आली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचें ‘भाऊबंदकी’ हें नाटक इ. स. १९०९ चें. नाटककारास पात्र रंगविण्याचा अधिकार आहे, व त्याजकडे अस्सल कागद मागणें रास्त नव्हे. परंतु प्रेक्षक घरीं जातो तो इतिहास पाहिला अशा समजुतीनें जातो. ‘ध चा मा करणें’ हा वाक्प्रचार आज ज्यांस नारायणराव कोण हेंहि नीट ठाऊक नाहीं त्यांच्या तोंडीं आहे. दुसऱ्याच्या मृत्यूंतील जिचा कल्पित हात घराघरांत पोंचला, त्या आनंदीबाईंचें स्वतःचें मरण गोदेच्या कांठीं आनंदवल्लीस झालें हें नाशकांतहि कितीकांस ठाऊक असेल?

(४)

सवाई माधवरावांचा मृत्यु हा याच विषयाचा दुसरा अंक होय. २५ ऑक्टोबर १७९५ रोजीं ते शनिवारवाड्यांतून वरच्या मजल्यावरून खालीं पडले आणि दोन दिवसांनीं, २७ तारखेस, वारले. वय अवघें एकवीस. ग्रँट डफ यानें ही आत्महत्या म्हणून सांगितली. नाना फडणिसांच्या कडक ताब्यास कंटाळून पेशव्यांनीं उडी टाकिली असा त्याचा रोख आहे. उलटपक्षीं, पेशवे तापानें आजारी होते व त्या भरांत तोल जाऊन पडले, असें मराठी संशोधकांपैकीं अनेकांचें मत आहे. पडणें सर्वांस दिसलें; पडणाराच्या मनांत काय होतें तें कोणास दिसण्याजोगें नव्हतें. असें असतां पुढील लेखक व कादंबरीकार मनांतील गोष्टच अधिक निश्चयानें सांगत आले आहेत.

या प्रसंगीं आणखी एक तपशील सांगितला जातो. मरतांना पेशव्यांनीं आपल्यामागें बाजीरावांस गादी द्यावी अशी इच्छा दर्शविली आणि बाबा फडक्यांच्या बाहूंत प्राण सोडिला, असें डफ लिहितो. बाजीराव हे रघुनाथराव व आनंदीबाई यांचे पुत्र. आनंदवल्लीच्या वाड्यांतील नजरकैद त्यांनीं आईबरोबर भोगलेली. नानांचा विरोध असतां अखेर डिसेंबर १७९६ त त्यांस पेशवाई मिळाली. तेव्हां मरणशय्येवरील ते शब्द खरे असोत वा नसोत, ते केवळ शोकाचे शब्द नव्हते. तो वारसाहक्काचा पुरावा होता. अखेरचे शब्द सांगणारा एकच असतो, ऐकणारे असंख्य असतात, आणि ज्याच्या तोंडीं ते घातले तो इन्कार करावयास उरलेला नसतो. म्हणून अशा शब्दांची नोंद घेतांना सांगणाराचें नांव त्यांपासून कधींहि विलग करूं नये.

(५)

वृत्तपत्रांच्या युगांत नाशिकास असाच एक प्रसंग घडला. २१ डिसेंबर १९०९ रोजीं विजयानंद नाटकगृहांत ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगास आले असतां जिल्ह्याचे कलेक्टर आर्थर जॅक्सन यांस अनंत लक्ष्मण कान्हेरे या तरुणानें गोळ्या घालून ठार केलें. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे व विनायक नारायण देशपांडे या तिघांस १९ एप्रिल १९१० रोजीं ठाणें येथें फांशी झाली. येथें आणि १७७३ च्या प्रसंगांत एक मोठें अंतर आहे. येथें उघड न्यायसभा झाली, साक्षी झाल्या, निकाल लिहिला गेला. त्यामुळें कोणतें विधान शपथेवरचें व कोणतें बाजारचें, हें आज निवडतां येतें.

तरीहि तपशिलाची भूल येथेंहि पडलीच. नाटकगृह, नाटकाचें नांव, पिस्तुल, मारणाराचें कोंवळें वय, एवढ्या गोष्टी जिभेवर राहिल्या. कान्हेरे यांच्या कृत्यामागील कारण, म्हणजे गणेश दामोदर सावरकर यांस जून १९०९ त झालेली जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा व त्या खटल्याशीं कलेक्टराचा आलेला संबंध, हें त्या मानानें मागें पडलें. आणि मेलेला मनुष्य संस्कृतज्ञ व प्राचीन इतिहासाचा अभ्यासक होता, मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांतील गुजराथच्या भागांत भिनमाळवरील टिपण त्याचें आहे, आणि त्यानें जमविलेली लोकरूढींची सामग्री त्याच्या मृत्यूनंतर एन्थोवेन यांनीं संपादून प्रसिद्ध केली, हें तर विद्वानांच्या लहानशा वर्तुळाबाहेर गेलेंच नाहीं. मृत्यूचा देखावा जीवितास झांकून टाकितो, आणि तो मारणाराच्या व मरणाराच्या अशा दोन्ही जीवितांस झांकतो.

(६)

हा केवळ गतकाळाचा विचार नव्हे. १४ जून २०२० रोजीं मुंबईंत सुशांतसिंह राजपूत या तरुण चित्रपटनटाचा मृत्यु झाला, त्यानंतर दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांनीं महिनोगणती जें चालविलें तें वाचकांच्या स्मरणांत असेल. मृताच्या देहाचीं छायाचित्रें फिरलीं, खोलीचे देखावे उभारले गेले, त्याच्या मनांत काय होतें याचे निर्णय झाले, आणि तपास चालू असतांनाच त्याच्या निकटच्या एका स्त्रीवर जनतेसमोर दोषारोप सिद्ध करण्यांत आला. पुढें १८ जानेवारी २०२१ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें या प्रकाराबद्दल निकाल देऊन मर्यादा घालून दिल्या : आत्महत्या करणारास दुर्बल मनाचा म्हणून रंगवूं नये, घटनेचा देखावा पुन्हा उभारून दाखवूं नये, आरोपीच्या चारित्र्याची चर्चा करून तपासास बाध आणूं नये, साक्षीदारांच्या जबान्यांची चिरफाड करूं नये, निकालाचें भाकीत करूं नये. शनिवारवाड्याची हांक व ‘ध’ चा ‘मा’ या दोन गोष्टी ज्यास ठाऊक आहेत त्यास यांतील एकहि कलम नवें वाटणार नाहीं. तरुणाचा अकालमृत्यु, मनाविषयींचे तर्क आणि शेवटीं जवळच्या स्त्रीच्या माथीं दोष, ही परंपरा आपल्याकडे पूर्वींपासून चालत आली आहे. १७७३ त वार्ता पसरण्यास महिने लागत, आतां घटकाहि लागत नाहीं. परंतु १७७३ च्या वार्तेचा डाग अडीचशें वर्षांत गेला नाहीं, हें पाहिलें म्हणजे आजच्या वार्तेचें सामर्थ्य ध्यानांत येतें.

कोणी म्हणतील कीं तपशील दडविला तर इतिहास कसा लिहावा? आक्षेप योग्य आहे. थोरांच्या मृत्यूवर पुष्कळदां राज्याचें भवितव्य अवलंबून असतें, आणि संकोचाच्या नांवाखालीं अपराधहि झांकले जातात. नारायणरावांचा खून ‘देवाज्ञा’ या शब्दांत गुंडाळून ठेविला असता तर रामशास्त्र्यांची चौकशी कशाची झाली असती? म्हणून तपशील नष्ट करावा असें आमचें म्हणणें नाहीं. जतन करणें आणि प्रसिद्ध करणें या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हें मात्र संग्राहकांनीं व वृत्तलेखकांनीं सारखेंच ओळखिलें पाहिजे. कागद जपावा तो सर्व. ओळ न वगळतां, शब्द न बदलतां. प्रसिद्ध करतांना मात्र तीन गोष्टी पाहाव्या. लिहिणारानें स्वतः पाहिलें, दुसऱ्याकडून ऐकलें कीं अनुमान केलें, हें प्रत्येक विधानाशेजारीं स्पष्ट असावें. त्या तपशिलानें कारण उलगडतें कीं केवळ डोळे विस्फारतात, हें पाहावें. आणि त्यांत कोणा जित्या वा मृत व्यक्तीवर आरोप येत असेल, तर अस्सल आधारावांचून तो छापूं नये. छापावाच लागला तर त्या वार्तेचा लाभ कोणास होता हेंहि त्याच पानावर सांगावें.

या दृष्टीनें नाशिक प्रांतीं अजून पुष्कळ काम आहे. गंगापूर व आनंदवल्ली येथील वाड्यांच्या खर्चाच्या याद्या, पहारेकऱ्यांचे रोजमुरे, उपाध्यायांच्या वह्यांतील पेशवे कुटुंबाच्या नोंदी, किंवा त्या वाड्यांतून गेलेलीं आलेलीं साधीं खुशालीचीं पत्रें ज्यांच्या दफ्तरांत असतील, त्यांनीं तीं उजेडांत आणावींत अशी विनंति आहे. त्यांत खुनाचें रहस्य सांपडेल अशी अपेक्षा कोणीं धरूं नये. आनंदीबाई आनंदवल्लीस कशा राहिल्या, त्यांच्या अखेरच्या दुखण्यांत कोणता वैद्य आला, क्रिया कोणीं केली, इतकें जरी अस्सल कागदांवरून कळलें, तरी एका अक्षरापलीकडे त्यांचें कांहीं चरित्र होतें हें मराठी वाचकास दाखवितां येईल.